चढावर ठोकणारें इंजिन

सोलापूर सोडून तुळजापूरची वाट धरली म्हणजे बराच वेळ मोटारीला फारसे श्रम पडत नाहींत. दोहों बाजूंस काळी जमीन, ज्वारीचीं शेतें आणि सरळ सपाट रस्ता. गाडी जुनी असली तरी तिचें जुनेपण या रस्त्यावर झांकून राहतें. मग बालाघाटाची कड समोर येते, रस्ता घाट चढूं लागतो, चालक ॲक्सिलरेटरवर पाय दाबतो, आणि तोंवर मुकाट्यानें चालणारें इंजिन एकाएकीं बोलूं लागतें. कधीं तो आवाज पत्र्याच्या डब्यांत खडे घालून हलविल्यासारखा पातळ व ठणठणीत असतो. कधीं दूर कोठें लोहाराचा घण पडत असल्यासारखा जड असतो. माथा आला, पाय सैल झाला, कीं आवाज थांबतो आणि चालक सुटकेचा निःश्वास टाकतो. येथेंच पुष्कळांची फसगत होते. आवाज थांबला म्हणजे दोष गेला असें नव्हे. भार येतांच उमटणारा व भार जातांच लोपणारा हा ठोका इंजिनाची सर्वांत बोलकी खूण आहे, आणि तो केव्हां येतो व केव्हां जातो हें ज्याला नीट सांगतां येतें, त्याला इंजिन न उघडतांही दोषाच्या बरेंच जवळ पोहोंचतां येतें.

ज्या गाड्यांचा येथें विचार करावयाचा, त्या साध्या प्रवासी मोटारी नव्हेत. बिछाना, शेगडी, पाण्याची टाकी, धान्य आणि भांडीकुंडीं घेऊन हिंडणारीं तीं फिरतीं घरें आहेत. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं कॅराव्हॅन पर्यटनाचें धोरण आंखल्यापासून हें नांव पुष्कळांच्या कानावर आलें. पण नांव नवें असलें तरी वस्तु नवी नाहीं. आषाढीच्या वारींत पालख्यांबरोबर तंबू, चुली आणि थकलीं-भागलीं माणसें घेऊन पंढरपूरपर्यंत येणारे दिंड्यांचे ट्रक व टेंपो हीं फिरतीं घरेंच होत. जुनी मॅटॅडोर किंवा मारुति ओम्नी विकत घ्यावी, तिच्यांत फळ्यांचा पलंग बसवावा आणि कुटुंबासह तीर्थयात्रेस निघावें, हाही प्रकार अपरिचित नाहीं. अशा गाडीची अडचण एकच कीं तिच्या पाठीवरचें घर कधीं उतरत नाहीं. ओम्नीचें इंजिन तीन नळकांड्यांचें, अवघें ७९६ घनसेंटिमीटरचें. चार माणसें व थोडें सामान एवढ्यापुरतें तें योजिलेलें. त्याच्यावर पलंग, कपाट, टपावरची पेटी आणि शंभर लिटर पाणी कायमचें लादलें म्हणजे सपाट रस्त्यावरही तें निम्मा घाट चढतच असतें.

मालकापुढें अशा वेळीं दोन भीति उभ्या असतात. एखाद्या क्षुल्लक दोषापायीं सबंध इंजिन खोललें जाऊन वर्षाची पुंजी त्यांत जाईल, ही एक. आणि क्षुल्लक समजून दुर्लक्ष केलेला ठोका भर घाटांत कनेक्टिंग रॉड मोडून इंजिनाच्या कुशींतून बाहेर काढील, ही दुसरी. दोन्ही गोष्टी घडतात. म्हणून हा आवाज कोणत्या जातीचा, हें ठरविण्याला सर्वांत अधिक महत्त्व आहे.

पण त्याहीपूर्वीं एक घरगुती शंका फेडून घ्यावी. फिरत्या घराचा सांगाडा चढावर पिळवटतो, आणि तेव्हां कपाटांतलीं पातेलीं, शेगडीवरची जाळी, सैल झालेला गॅसच्या टांकीचा पट्टा, इतकेंच काय, दाराची कडीसुद्धां इंजिनाचा आवाज हुबेहूब काढूं शकते. तपासणीस निघण्यापूर्वीं भांडीं घरीं उतरवून ठेवावींत. हें सांगणें हास्यास्पद वाटेल, परंतु पळीपंचपात्राच्या नादानें घाबरून मिस्त्रीकडे जाणें त्याहून हास्यास्पद. इंजिन व गाडीचा सांगाडा यांमधील रबरी ठोकळे झिजले असतील तरीही भार येतांच इंजिन एका अंगास कलतें व कोठेंतरी लोखंडास लोखंड लागतें. तेंही याच वेळीं पाहून घ्यावें.

आतां खरा ठोका. पेट्रोलच्या इंजिनांत पिस्टन वर येऊन हवा व पेट्रोल यांचें मिश्रण दाबतो, आणि तो माथ्यावर पोहोंचण्याच्या किंचित् अगोदर प्लगमध्यें ठिणगी पडते. पुष्कळांस वाटतें तसा तेथें स्फोट होत नाहीं. वाळल्या गवताच्या माळाला एका कोपऱ्यांत काडी लावावी आणि आग क्रमाक्रमानें पलीकडे सरकत जावी, तशी ज्वाळा मिश्रणांतून पसरते व वाढत्या दाबानें पिस्टन खालीं लोटला जातो. परंतु ज्वाळा जेथें अजून पोहोंचावयाची आहे तेथलें शेवटचें मिश्रण मागील जळत्या वायूंनीं दडपलें जाऊन अतिशय तापलेलें असतें. तें आपली पाळी येण्याची वाट न पाहतां एका क्षणांत सगळेंच पेटलें, तर दाबाची लाट नळकांड्याच्या भिंतीवर आदळते व सगळें इंजिन घंटेसारखें वाजतें. हा नाद साधारण सेकंदास ६ ते ७ हजार कंपनांचा असतो. म्हणूनच तो कानाला इतका पातळ लागतो. येथें कोणताही भाग सैल होऊन आपटत नसतो. पण म्हणून तो निरुपद्रवी नव्हे. धातूला चिकटून असलेला तुलनेनें थंड वायूचा पातळ थर या लाटांनीं खरवडला जातो, उष्णता थेट धातूंत शिरते, आणि असें दीर्घकाळ चाललें तर पिस्टनच्या कडा उंदरानें कुरतडल्यासारख्या होतात, रिंगा मोडतात, हेडखालचें गॅस्केट जळतें.

भाराचा संबंध यांतूनच लागतो. पाय सैल असतां कार्बुरेटरची झडप मिटलेली असते, नळकांड्यांत थोडेंच मिश्रण शिरतें आणि दाबही बेताचा राहतो. चढावर झडप पूर्ण उघडते, नळकांडें भरतें, दाब व उष्णता दोन्ही वाढतात. त्यांत गिअर मोठा आणि इंजिनाची गति मंद असेल, तर शेवटच्या मिश्रणाला आपोआप पेटण्यास हवा तितका अवधि मिळतो. जोर अधिक आणि गति कमी, ही जोडी ठोक्याला सर्वांत अनुकूल.

म्हणून पहिली परीक्षा गिअरची. ती तुळजापूरच्या घाटांत सहज करतां येते. मात्र कोजागिरीच्या सुमारास तो रस्ता सोलापुराहून पायीं निघालेल्या भाविकांनीं फुललेला असतो, त्या दिवसांत तिकडे हे प्रयोग करूं नयेत. पायथ्याशीं येईपर्यंत इंजिन नेहमींच्या उष्णतेस आलेलें असावें. शेजारीं ऐकणारें दुसरें माणूस असावें. चढ लागला कीं मोठ्या गिअरमध्येंच पाय दाबावा, आवाज उमटूं द्यावा, आणि गाडीचा वेग तोच राखून एक गिअर खालीं घ्यावा. गाडीचें वजन तेंच, चढ तोच, वेगही तोच. बदललें तें इतकेंच कीं इंजिन अधिक जलद फिरूं लागलें व प्रत्येक फेऱ्यावरचा त्याचा बोजा हलका झाला. एवढ्यानें ठणठण साफ नाहींशी झाली, तर दोष ज्वलनांत आहे असें बहुधा खुशाल समजावें. आवाज तसाच राहिला, किंवा इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर त्याचीही लय वाढली, तर तो एखाद्या झिजलेल्या भागाचा असण्याचा संभव अधिक. आवाज ओळखण्यास दोन-तीन क्षण पुरतात. खात्री करण्याच्या हौसेनें सबंध घाटभर इंजिन ठोकवीत नेणें म्हणजे ताप मोजण्यासाठीं रोग्याला उन्हांत बसविणें होय.

ज्वलनाचा ठोका ठरला तर पहिला संशय ठिणगीच्या वेळेवर घ्यावा. ठिणगी प्रमाणाबाहेर अगोदर पडली तर दाब लौकर चढतो आणि शेवटचें मिश्रण भाजून निघतें. जुन्या गाड्यांत ही वेळ डिस्ट्रिब्यूटर राखतो. त्याच्या पोटांतलीं लहान वजनें गति वाढेल तशी ठिणगी अलीकडे ओढतात, आणि त्यांना आवरून धरणाऱ्या स्प्रिंगा वर्षानुवर्षांच्या ताणानें ढिल्या पडतात. मग जी वेळ जलद गतीला योग्य, ती मंद गतीलाच लागू होते. कांहीं वेळां दोष वयाचा नसून माणसाचा असतो: गाडी ओढत नाहीं अशी तक्रार ऐकून कोणीतरी मिस्त्री डिस्ट्रिब्यूटर किंचित् फिरवून देतो, सपाट रस्त्यावर गाडी चपळ वाटते, मालक खूष होतो, आणि पुढच्या घाटांत इंजिन ठोकूं लागतें. टायमिंगच्या दिव्यानें खूण पाहून वेळ कंपनीनें दिलेल्या अंकावर आणावी. तीच बरोबर निघाली तर दोन अंश मागें घेऊन पुन्हा घाट चढून पाहावा. आवाज गेला पण गाडीचा दमही गेला, असें झालें तर ठिणगी निर्दोष आहे व कारण अन्यत्र शोधावयाचें आहे. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, हा नियम येथें फार कडक पाळावा लागतो. प्लग, तेल, पेट्रोल आणि टायमिंग एकाच दिवशीं बदलणाऱ्याला आवाज थांबला तरी कां थांबला हें कळत नाहीं.

उष्णतेचें तर सोलापुरांत निराळें सांगावयास नको. वैशाखांत पारा ४२-४३ अंशांवर असतां इंजिनांत शिरणारी हवाच तापलेली असते. रेडिएटरच्या जाळींत धूळ व कीटक बसलेले, पंख्याचा पट्टा सैल, थर्मोस्टॅट अर्धवट उघडणारा. यांपैकीं एक जरी दोष असला तरी जानेवारींत गप्प असणारें इंजिन एप्रिलांत बोलूं लागतें. ओम्नीचें इंजिन पुढच्या आसनांखालीं असतें. तेथें सतरंज्या व पिशव्या कोंबून त्याचा वारा बंद करणारे लोक आहेत. याशिवाय काजळी: पिस्टनच्या माथ्यावर तिचा थर चढला कीं मिश्रणाला मिळणारी जागा कमी होते, दाब वाढतो, आणि थराचे कांहीं कण निखाऱ्यासारखे तापून राहतात. किल्ली बंद केल्यावरही इंजिन दोन-चार आचके देत फिरत राहिलें, तर या काजळीची आठवण ठेवावी. निखाऱ्यामुळें ठिणगीच्या अगोदरच मिश्रण पेटणें हा मात्र वर सांगितलेल्या ठोक्याहून वेगळा रोग आहे. दोघांतला हा भेद हॅरी रिकार्डो या इंग्रज अभियंत्यानें पहिल्या महायुद्धाच्या सुमारास स्पष्ट केला.

इंजिनाच्या ठोक्यावरून चुकीच्या माणसाला दोष देण्याची परंपरा जुनी आहे. अमेरिकेंत चार्ल्स केटरिंग यानें मोटारीसाठीं बॅटरीवर चालणारी ठिणगीची योजना व विजेचा स्टार्टर काढला, तेव्हां इंजिनें ठोकतात तीं याच्यामुळेंच, असा बोभाटा झाला. केटरिंगनें थॉमस मिजली नांवाच्या तरुण सहकाऱ्यास कारण शोधावयास बसविलें. तांबडा रंग घातला तर इंधन उष्णता अधिक शोषील, अशा कल्पनेनें मिजलीनें १९१६ सालीं त्यांत आयोडीन घातलें, आणि ठोका थांबला. पुढें निराळे तांबडे रंग घालून पाहिले तर ठोका होता तसाच! कल्पना सपशेल चुकीची, पण त्या चुकीनेंच इंधनाचा गुण बदलतां येतो हें उघड झालें. त्या मार्गानें १९२१ सालीं शिशाचें संयुग सांपडलें; त्यानें ठोका आवरला आणि पुढें अनेक दशकें रस्तोरस्तीं विष पसरविलें. भारतांत शिसेयुक्त पेट्रोलची विक्री १ फेब्रुवारी २००० पासून बंद झाली. इंधनाची ठोका सोसण्याची शक्ति ज्या ऑक्टेन अंकानें मोजतात तो १९२६ सालचा. भारतांत साध्या पेट्रोलचा हा अंक पूर्वीं ८८ होता, मग ९१ झाला, आणि २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा ९५ धरला जातो.

इथेनॉल हा सोलापूरकरांच्या शेतांतलाच विषय आहे. साखर कारखान्यांनीं गजबजलेल्या या जिल्ह्यांतला ऊस आतां मोटारीच्या टाकींतही जातो. २०२५ पर्यंत देशांतील पेट्रोलमध्यें त्याचें प्रमाण २० टक्क्यांवर आलें. नव्या पेट्रोलमुळेंच गाडी ठोकते, अशी तक्रार जुन्या गाडीचे मालक करतात, आणि तिचें उत्तर सरळ हो किंवा नाहीं असें देतां येत नाहीं. इथेनॉलनें ठोका सोसण्याची शक्ति वाढते, घटत नाहीं. म्हणजे त्या बाजूनें तें निर्दोषच. परंतु त्याच्या अंगीं स्वतःचा प्राणवायु असतो व जळावयास त्याला हवा कमी लागते. कार्बुरेटरचीं छिद्रें ठराविक मापाचीं. त्यांना हें कळत नाहीं. परिणामीं मिश्रण थोडें विरळ होतें, आणि विरळ मिश्रणावर भार घातला तर इंजिन तापतें. त्यांत जुन्या टाकीच्या तळाचा गाळ इथेनॉलनें सुटून गाळणींत अडकला, तर मिश्रण आणखी विरळ होतें. अशा वेळीं पेट्रोलला बोल लावीत बसण्यापेक्षां गाळणी बदलावी, कार्बुरेटरचीं छिद्रें साफ करावींत आणि त्याच्या बैठकीखालून हवा शिरत नाहीं ना हें पाहावें.

मात्र एका प्रसंगीं पेट्रोल खरेंच अपराधी असतें. फिरतें घर वारीहून आलें म्हणजे पावसाळाभर अंगणांत उभें राहतें. इथेनॉल हवेंतली ओल ओढून घेतें. पाणी पुरेसें सांचलें कीं तें दोन्ही मिळून टाकीच्या तळाशीं बसतात, आणि वर उरतें तें इथेनॉलच्या आधारास मुकलेलें, कमी अंकाचें पेट्रोल. दिवाळींत पहिल्याच प्रवासास गाडी ठोकूं लागली, तर इतर कशासही हात लावण्यापूर्वीं टाकीचा तळ कांचेच्या बाटलींत काढून पाहावा. दोन थर दिसले कीं निदान झालें. रॉकेलची भेसळ असेल तर थर दिसणार नाहींत, पण ठोका अधिकच मोठा होईल. तेथें दुसऱ्या पंपावरचें पेट्रोल भरून पाहणें हीच परीक्षा.

हें सर्व पेट्रोलचें झालें. मॅटॅडोर डिझेलवर चालणारी, आणि दिंड्यांचे ट्रकही तसेच. ठोका हा शब्द दोन्हींकडे एकच असला तरी रोग अगदीं उलटा आहे. पेट्रोल ठोकतें तें फार तत्परतेनें पेटल्यामुळें. डिझेल ठोकतें तें पेटण्यास आळस केल्यामुळें. डिझेलच्या इंजिनांत ठिणगी नसते. दाबून तापविलेल्या हवेंत तेलाचा फवारा उडतो व क्षणभरानें पेट घेतो. हा क्षण लांबला तर तेवढ्या वेळांत उडालेलें सगळें तेल सांचतें आणि मग एकदम पेटतें. म्हणून डिझेल गाडी थंडींत, पहाटे सुरू करतांना अधिक ठोकते व तापल्यावर शांत होते. पेट्रोल गाडीचें नेमकें उलट. तापल्यावरही भार येतांच डिझेल कर्कश ठोकूं लागलें, तर फवाऱ्याची वेळ अगोदर झाली असेल किंवा एखाद्या इंजेक्टरचें तोंड झिजून तेल फवारण्याऐवजीं ठिबकत असेल. आवाज एकाच नळकांड्याचा वाटला तर त्याचा इंजेक्टर शेजारच्याशीं बदलून पाहावा. ठोकाही शेजारीं गेला तर इंजेक्टर दोषी. जागचा हलला नाहीं तर इंजिनाच्या आंत पाहावयास हवें. जुने मिस्त्री चालू इंजिनांत इंजेक्टरच्या नळीची चाकी सैल करून तें नळकांडें बंद पाडतात. तेथून उडणारी डिझेलची धार कातडींत घुसूं शकते. नव्या कॉमन रेल इंजिनांत तर हा प्रयोग मुळींच करूं नये.

आतां राहिला तो घणाचा आवाज. गिअर खालीं घेऊनही न जाणारा, जड, पायाखालीं जाणवणारा ठोका बहुधा कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकांतील बेअरिंगचा असतो. वंगणाच्या पातळ थरावर जें अधांतरीं राहावयाचें, तेंच झिजून धातूवर आपटत असतें. तो भार घालतांना व सोडतांना, विशेषतः त्या दोहोंच्या सीमेवर, अधिक ऐकूं येतो, आणि इंजिन तापून तेल पातळ झालें कीं वाढतो. तेलाचा दाब मोजावा. सांशंक नळकांड्याच्या प्लगची वायर काढून ती नीट जमिनीस जोडून, म्हणजे इंजिनाच्या लोखंडास लावून, तेवढें नळकांडें क्षणभर निकामी करावें. बोजा सुटला कीं बेअरिंगचा ठोका मंदावतो. तेल काढून तें उन्हांत धरलें असतां तांबूस किंवा रुपेरी चमक दिसली, तर पुढचा कोस गाडी चालवूं नये. ती ओढून न्यावी. याउलट सकाळीं खडखडणारा व इंजिन तापतांच जाणारा आवाज पिस्टन सैल झाल्याचा असतो. तो वर्षानुवर्षें सोबत करतो आणि सहसा घात करीत नाहीं. एक्झॉस्टच्या नळीचें गॅस्केट फुटलें तरीही भाराखालीं टकटक होते, पण तेथें काळी फुंकर उमटलेली दिसते. अशा गाडीचें इंजिन उघडण्याची गरज नाहीं. पान्हा आणि एक गॅस्केट यांवर काम भागतें.

दोष कोणताही निघो, दुरुस्तीनंतरची परीक्षा पहिल्यासारखीच व्हावी: तोच घाट, तोच गिअर, तितकेंच वजन. यांत सर्वांत अधिक चुकतें तें वेळेच्या बाबतींत. पहाटेच्या गार हवेंत गॅरेजपासून चार फर्लांग फिरवून ठोका गेला म्हणून सांगितलेली गाडी दुपारीं दोन वाजतां, टाकी पाण्यानें भरलेली असतां, घाटांत पुन्हा ठोकते, आणि मग मालक व मिस्त्री यांचा वाद सुरू होतो. तेव्हां ही फेरी ऐन दुपारींच काढावी, मिस्त्रीला शेजारीं बसवून, आणि उतरविलेलें सामान परत गाडींत भरून. भांडीं तेवढीं फडक्यांत गुंडाळावींत.